गोपनारायण सर आणि धरलेली जागा

गोपनारायण सरांनी माझ्यासाठी एसटीत कधीही जागा धरली नाही. एवढ्या एका कारणावरून मी त्यांच्याशी अख्खा हिवाळा बोलले नव्हते, आणि गंमत म्हणजे त्यांना ते कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, माझा घसा बसलाय. रोज सकाळी ज्येष्ठमधाची कांडी आणून द्यायचे. आता अशा माणसावर राग तरी धरायचा कसा?

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं शिकवायला होतो. मी गणित, ते कॉम्प्युटर. ते अकोल्याहून गाडीत बसत, मी मूर्तिजापूरहून. म्हणजे माझ्यापर्यंत येता येता गाडी गच्च. शेजारच्या टेबलावर काम करणारा, वयानं वडीलधारा माणूस आधीच आत बसलेला आहे. त्यानं बाजूच्या सीटवर एक पिशवी ठेवली तर त्याचं काय जातं, सांगा बरं? सगळा वऱ्हाड प्रांत ठेवतो. आमच्याकडे गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल जातात, दुपट्टे जातात, टोप्या जातात. एका बाईला तर मी आपलं रडतं लेकरू खिडकीतून आत सोडून जागा धरताना पाहिलंय. पण सर? नाव नको.

"मॅडम, जो आला तो बसला," ते म्हणायचे. "पिशवीले कोठी जायचं असते?"

आणि मी आपली दांडी धरून लोंबकळत. पण लोणीचा थांबा आला की सर उठायचे. रोज. "बसा आता, तुमचा नंबर." मी नको म्हटलं तरी उठायचे आणि पुढचा सगळा रस्ता उभ्यानं जायचे. उंच माणूस, गाडीच्या छताला डोकं लागायचं, म्हणून मान तिरकी करून उभे राहायचे आणि त्या तिरक्या मानेनंच गप्पा मारायचे. शर्टाच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायम गळकं. खिशाखाली शाईचा डाग नसलेला शर्ट त्यांच्याकडे होता की नाही, देव जाणे.

कॉलेजात पोट्टे त्यांना 'रुमाल सर' म्हणत. ते नाव कसं पडलं त्याला मी साक्षीदार आहे, कारण ती सगळी भानगड माझ्यासमोर झाली.

झालं असं की त्या दिवशी मूर्तिजापूरला गाडी चहापाण्याला थांबली. सरांच्या बाजूची बाई उतरली, तिथे मी बसले आणि सरांनी आपली जागा एका म्हाताऱ्याला दिली. मग पुढच्या सीटवर रुमाल पडलेला त्यांना दिसला. त्यांनी तो उचलला, झटकला, नीट चौपदरी घडी केली, मांडीवर ठेवला आणि बसले. थोड्या वेळानं रुमालाचा मालक आला. वरूडचा संत्र्याचा व्यापारी, दोन सीटा लागतील असा देह, हातात अर्धा समोसा.

"ओ मास्तर, जागा धरली होती मी."

"हाव ना. धरली होती. पण बसलं कोण?"

"रुमाल दिसला नाई का तुमाले?"

"दिसला ना. म्हणून त घडी केली. घ्या. चांगला हाय, सुती हाय."

व्यापारी लालबुंद. गाडीत लगेच दोन पक्ष पडले. मागचे म्हणाले, मास्तरचं बरोबर. पुढचे म्हणाले, अशानं जगात रुमालाला किंमतच राहायची नाही. कंडक्टर म्हणाला, मला दोघांचे तिकिटाचे पैसे मिळाले, माझं काही म्हणणं नाही. शेवटी सर खिडकीकडे सरकले आणि म्हणाले, "बसा ना भाऊ. धरून कायले ठेवता, बसा." तो बसला. सर निम्मे खिडकीबाहेर. बडनेरा येईपर्यंत दोघं एकाच पिशवीतली संत्री सोलत होते आणि व्यापारी त्यांना मुलीच्या लग्नाचं आमंत्रण देत होता.

त्याच दिवशी सर वर्गात एक संत्रं घेऊन गेले. माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये प्लायवूडची भिंत होती. मी इकडे फळ्यावर कॅल्क्युलस लिहायची आणि माझे पोट्टे तिकडचा धडा ऐकायचे. मीही ऐकायची, लपवू कशाला.

"हे पाहा बे," सर सुरू झाले. "कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे आपली एसटी. तिचे सारख्या मापाचे तुकडे पाडले, त्याले म्हणायचं पान. एक पान म्हणजे एक सीट. प्रोग्राम म्हणजे पॅसेंजर. आता प्रोग्राम येते अन् म्हणते, मले शंभर सीटा पायजे. लेकाचा असते एकटा, पण मागते शंभर! अन् ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कंडक्टर. तो काय म्हणते? नाई म्हणते? बिलकुल नाई. तो म्हणते, हाव, देल्ल्या. नुसतं म्हणते! देत एकही नाई. प्रोग्राम ज्या सीटवर खरंच येऊन टेकते, तेवढीच त्या टायमाले त्याच्या नावानं करते. बाकी सगळा रुमाल."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, अन् सगळेच एकदम बसायले आले त?"

पलीकडे टेबलावर थाप पडल्याचा आवाज. सरांना आनंद झाला की ते टेबल बडवत. "कोण म्हटलं? उभा राह्य! हाच त प्रश्न हाय बे. गाडीत जो लय वेळचा हालला नाई, घोरून राहिला, त्याले उचलायचं अन् स्टँडच्या बाकड्यावर नेऊन ठेवायचं. त्या बाकड्याले म्हणते डिस्क. जागा झाला, सीट मागितली, की परत आणायचं. अन् बाकडंही भरलं त?"

इकडे माझ्या वर्गातल्यांनीही पेनं खाली ठेवली.

"मंग कंडक्टर पाह्यते, सगळ्यात जास्त सीटा कोणी अडवल्या. त्याले सामानासकट खाली उतरवते. बिचारा रडते, म्हणते मले त तूच हाव म्हटलं होतं! पण उतरवते."

तेव्हापासून रुमाल कॉलेजभर झाला. त्या वर्षी पेपर तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांचा फोन आला की बहुतेक उमेदवारांनी उत्तरात 'रुमाल' अशी एक संकल्पना वापरली आहे, ती कोणत्या ग्रंथातली, ते कळवावं. सरांनी फोनवर अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "अकोला आगाराच्या."

स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र एकच यायचं, आणि त्यावरही सरांचा कायदा. वाचायला सगळ्यांना मिळून एक पेपर पुरतो, असं त्यांचं म्हणणं. चौघांनी चार का घ्यावेत? पण शब्दकोड्यावर कोणी पेन टेकवलं की संपलं. "लिहायचं असंन त तुमचं पान वेगळं करा. तेवढंच पान बरं, अख्खा पेपर नाई." मग ते स्वतः त्या एका पानाची झेरॉक्स आणून देत. प्रोग्रामही असंच करतात म्हणे. वाचण्यापुरतं एक पान सगळ्यांत मिळून ठेवतात. ज्याला त्यात खाडाखोड करायची असेल त्याला तेवढ्या पानाची नक्कल मिळते. एकदा खुद्द प्राचार्यांनी येऊन मूळ पेपरावर तीन शब्द भरले. सर उठले, बाहेरून नवा पेपर आणून टेबलावर ठेवला आणि जुन्याची घडी प्राचार्यांच्या हातात देऊन म्हणाले, "हे आता तुमचं पान. अन् आडवे सहा चुकलं हाय."

असा हा माणूस. जगाला शिस्त लावायला निघालेला. आता त्याच्या घरची शिस्त ऐका.

अकोल्याला त्यांचं साधं स्लॅबचं घर. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, ताप होता म्हणून मी एकदा भेटायला गेले. सर स्वयंपाक करत होते. ओटा हातभर, सामान माळ्यावर. सर स्टुलावर चढून हळदीचा डबा काढत, हळद घालत, ओट्यावर जागा नाही म्हणून डबा परत माळ्यावर ठेवत, खाली उतरत, मिठासाठी पुन्हा चढत. मग तिखटासाठी. मग कळलं की हळद कमी पडली. कढई खाली करपतेय आणि सर वर.

आतून काकूंचा आवाज आला, "भाजी करून राहिले का माळा चढून राहिले?"

सर स्टुलावरूनच मला म्हणाले, "मॅडम, याले थ्रॅशिंग म्हणते. कॉम्प्युटरमंदी जागा कमी पडली की तोही असाच नुसता पानं वरखाली करत राह्यते. काम होतच नाई." अगदी अभिमानानं सांगितलं! भाजी आम्ही तिघांनी करपलेलीच खाल्ली.

तेव्हाच मी ती खोली पाहिली. ओट्याला जागा नाही, बैठकीत सरांची पुस्तकं, काकूंचं शिलाई मशीन, दोन बाजा, सगळं एकावर एक. आणि बाजूला हिरव्या दाराची एक धडधाकट खोली, कुलूप लावलेली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"दादाची," सर म्हणाले.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. बार्शीटाकळीकडच्या खेड्यात बाप लवकर गेला, तेव्हा दादा शाळा सोडून कामाला लागले आणि धाकट्या नामदेवला शिकवलं. "दादा माह्यापेक्षा हुशार होता," सर नेहमी सांगायचे, "पण दोघाचं शिक्षण जमत नोतं. त्यानं माहं नाव पुढं केलं." पुढे दादांना बांधकाम खात्यात नोकरी लागली, हे घर त्यांच्या हातचं, आणि मग बदली होऊन ते चंद्रपूरला गेले ते तिकडचेच झाले. खोलीला कुलूप. दादा येतात ते लग्नाकार्याला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. तिथे मुक्काम कुणी केल्याचं काकूंना आठवत नव्हतं. सर मात्र दर दिवाळीला त्या कुलपाला तेल घालायचे. दादाला उघडताना त्रास नको!

मी म्हटलं, "सर, हा रुमाल कोणाचा मग?"

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. कान ठणठणीत होते हो त्यांचे.

मग प्रज्ञा परत आली. सरांची एकुलती मुलगी, पुण्याला दिलेली. लग्न टिकलं नाही. का टिकलं नाही ते काकूंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कडेवर मैत्री नावाची तीन वर्षांची मुलगी आणि हातात लॅपटॉप घेऊन ती माहेरी आली. काम घरून करायची, एका कंपनीचं. दिवसभर मीटिंगा. बैठकीत सरांना भेटायला आलेले माजी विद्यार्थी, म्हणून ती स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बसायची. कुकरची शिट्टी झाली की तिकडून साहेब विचारायचा, ट्रेन आली का? रात्री मायलेकी शिलाई मशीनच्या बाजूला अंथरूण घालायच्या आणि सकाळी कुणी यायच्या आत गुंडाळून ठेवायच्या. आपल्या बापाच्या घरात त्या पोरीला रोज सकाळी आपलं असणं गुंडाळून ठेवावं लागत होतं, आणि बाजूची खोली तेल घालून बंद. मला ऐकूनच चीड यायची.

एका सकाळी मी नेहमीसारखी सरांच्या सीटला टेकून उभी होते. लोणी आलं, सर उठले नाहीत. बडनेरा आलं, तरी नाही. मी उभीच. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"काय झालं सर?"

"प्रज्ञानं अमरावतीले भाड्यानं खोली पाहिली. येत्या पहिल्या तारखेले चालली." खिडकीबाहेरच बघत होते. "म्हणे, बाबा, मी काई रागावून नाई चालली. पण इथी मले बसायले जागा नाई."

मी गप्प बसायला हवं होतं म्हणता? का बसू? म्हटलं, "सर, जन्मभर पोट्ट्यांना शिकवलं ना, जो टेकला त्याची जागा? मग ती खोली उघडा की!"

सर माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "मॅडम, ते मशीन हाय! मशीनले दादा नसते!"

सगळी गाडी आमच्याकडे बघायला लागली. मीही मग तोंड फिरवलं.

पुढे जे झालं ते मुंग्यांमुळे. काकूंना बैठकीतून हिरव्या दारापर्यंत मुंग्यांची रांग दिसली. माग काढला तर दाराखालच्या फटीत बिस्किटं सरकवलेली. मैत्रीला विचारलं. ती म्हणाली, "मोठ्या आबांना."

तिला कोणीतरी सांगितलं होतं की ही मोठ्या आबांची खोली. पोरीनं त्याचा अर्थ सरळ लावला. मोठे आबा आत आहेत. बाहेर येत नाहीत, कुणी त्यांना जेवायला हाक मारत नाही, आणि वर बाहेरून कुलूप! ती रोज आपल्यातलं एक बिस्किट त्यांना देत होती. आणि आजोबांना, म्हणजे सरांना, घाबरायला लागली होती. आपल्यालाही एक दिवस असंच आत ठेवतील म्हणून.

हे सरांनी मला गाडीत सांगितलं, मूर्तिजापूर सोडल्या सोडल्या. सांगता सांगताच त्यांनी खिशातून फोन काढला. मला म्हणाले, "तुमी बसा," आणि उभे राहिले. दादांशी ते उभ्यानंच बोलत असत, फोनवर सुद्धा. एसटीचा खडखडाट, त्यात दादांना ऐकू कमी. सरांनी फोन स्पीकरवर टाकला, स्वतःचा आवाजही चढवला आणि सगळ्या गाडीला भावाभावांचं बोलणं ऐकू आलं.

"दादा! मी नामा!"

"बोल. जेवला का?"

"हाव. दादा, मले तुही खोली पायजे."

"काय?"

"खोली! खोली पायजे!"

"गोळी? कायची गोळी? बीपीची त मीच घेतो."

जी गोष्ट सरांना हळू आवाजात उभ्या आयुष्यात मागता आली नसती, ती आता त्यांना ओरडून मागावी लागत होती. कान लाल झाले होते. पुढच्या सीटवरच्या एका बाईला राहवलं नाही. ती वळून फोनवर ओरडली, "खोली म्हणून राहिले हो ते! खोली!"

"कोणती खोली?"

"तुही, दादा. अकोल्याची. हिरव्या दरवाजाची."

मग दादा म्हणाले, "माही खोली कोठी हाय तिथी?"

"कुलूप हाय ना तिले…"

"अबे बह्याडा, ते कुलूप तूच लावलं! मी चंद्रपूरले निघालो त्या दिवशी तूच बजारातून आणलं. मी म्हटलं, कायले रे? तू म्हणतं, दादाची जागा हाय, कोणी बसू नये. मले वाटलं, तू आतमंदी गोवऱ्या-बिवऱ्या भरल्या असशीन."

सरांनी तिरकी मान या खांद्यावरून त्या खांद्यावर नेली. शेवटी म्हणाले, "मंग प्रज्ञाले देऊ? तिले अन् तिच्या पोरीले?"

"पोरीले द्यायले मले काहून विचारतं? पोरीचं घर नाई का ते?" दादा खरंच रागावले होते. मग म्हणाले, "अन् मी आलो त तुह्या बाजीवर झोपीन. तू खाली झोपजो."

फोन बंद झाला. कंडक्टर तिकिटाची मशीन घेऊन शेजारी उभा होता, तो तसाच पुढच्या सीटकडे वळला. सर दांडी धरून, मान तिरकी करून रडत होते. एवढा मोठा माणूस भर गाडीत रडतो, आणि कुणाला हसू आलं नाही. माझेही डोळे भरून आले.

डोळे पुसून म्हणाले, "मॅडम, रुमालवाला मीच निघालो."

"मग करा आता घडी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेव्हा कुठे ते हसले.

त्याच संध्याकाळी त्यांनी कुलूप काढलं. आत एक बाज, एक गंजका कूलर, पोपडे आणि बिस्किटांवर माजलेल्या मुंग्या. मैत्री आधी दारातच उभी राहिली म्हणे. मोठे आबा आत नाहीत याची खात्री करून घेतली, बाजेखाली वाकून पाहिलं, आणि मगच आजोबांच्या कडेवर गेली. अमरावतीची खोली प्रज्ञानं नको म्हणून कळवली.

सर निवृत्त झाले, माझीही नागपूरला बदली झाली. जायच्या आधी एकदा अकोल्याला त्यांच्याकडे जाऊन आले. काकूंनी चहा ठेवला होता. सर कुठे दिसेनात. बघते तर हिरव्या दारासमोर पोह्यांची ताटली घेऊन उभे. दार आतून बंद. त्यांनी एका बोटानं टकटक केलं.

आतून बारीक आवाज आला, "कोण हाय?"

"मी."

"मी कोण?"

"नामदेव गोपनारायण."

"काय काम हाय?"

"पोहे आणले."

आत थोडा विचार झाला असावा. "थांबा. आईची मीटिंग चालू हाय. मी बलावते."

"हाव," सर म्हणाले. मी काही बोलायला गेले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी मला दुसरा चहा दिला. तो पिऊन मी निघाले तेव्हाही सर स्वतःच्याच घरात, बंद दारापुढे, गार झालेल्या पोह्यांची ताटली घेऊन बोलावण्याची वाट पाहत उभे होते. इतक्या सुखात ताटकळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.